राहून गेलेले गेम आता खेळायचे कसे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात १९९५ ते २००५ च्या दरम्यान शाळा-कॉलेज केलेल्या बहुतेकांच्या मनात दोन-चार गेमची नावं अजून घर करून आहेत. कुणी सायबर कॅफेत दुसऱ्याच्या खांद्यावरून ‘आयजीआय’ बघितलेला असतो. कुणाच्या पुण्याच्या मावसभावाकडे ‘एज ऑफ एम्पायर्स’ असायचा, आणि मे महिन्याची सुट्टी संपली की तो तिथंच राहायचा. आम्हा मुलींचं तर आणखी वेगळं. कॅफेत मुलींनी तास तास बसणं घरात चालायचं नाही, म्हणून आमची यादी भावाच्या तोंडून ऐकलेल्या नावांचीच झाली.

आता पगार आहे, लॅपटॉप आहे, नेट आहे, तरी ते गेम राहिलेलेच आहेत, कारण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. दुकानात गेलं की महागडं मशीन दाखवतात. नेटवर शोधलं की पहिल्याच पानावर फुकट डाउनलोडचे सापळे. मी या सगळ्यातून गेले आहे आणि माहेरच्या, सासरच्या, ऑफिसातल्या बऱ्याच जणांना गेम बसवून दिले आहेत. माझं सांगणं एकच आहे: मशीन आधी घेऊ नका. गेम ठरवा, एकच ठरवा, आणि मग त्याला काय लागतं ते बघा. आपल्या पिढीचे राहून गेलेले पुष्कळसे गेम घरात पडून असलेल्या साध्या लॅपटॉपवर चालतात.

सुरू करण्याआधी हाताशी असू द्या

- विंडोजचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, स्वतःचा. कंपनीच्या लॅपटॉपवर गेम टाकू नका. नोकरीला त्रास होईल.
- तारेचा साधा माऊस. टचपॅडवर हे गेम खेळता येत नाहीत.
- स्वतःचा ईमेल आणि मोबाईल नंबर
- यूपीआय किंवा कार्ड
- डिस्कवर मोकळी जागा, आणि जमल्यास एक पेन ड्राइव्ह किंवा बाहेरून जोडायची हार्ड डिस्क
- हेडफोन. जुन्या गेममध्ये पावलांच्या आवाजावरून शत्रू कुठे आहे ते कळतं, आणि घरच्यांची झोपही मोडत नाही.

१. यादी करा, आणि त्यातला एकच गेम उचला

कागदावर आठवतील ती सगळी नावं लिहा. प्रत्येक नावापुढे तुम्हाला त्यातलं नेमकं काय हवं होतं ते एका ओळीत लिहा. गोष्ट हवी होती? गाडी पळवायची होती? की मित्रांबरोबर बसून आरडाओरडा करायचा होता? हे लिहिलं की निवड सोपी होते. एखादं नाव फक्त सगळे बोलायचे म्हणून यादीत आलेलं असतं, त्यावर फुली मारा.

मग गेम किती लांबीचा आहे ते बघा. ‘हाऊ लाँग टू बीट’ नावाच्या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांनी स्वतः नोंदवलेले तास असतात. ‘पोर्टल’ (२००७) तीन-चार तासांत संपतो. ‘जर्नी’ (२०१२) जेमतेम दोन तासांचा. ‘द विचर ३’ (२०१५) मात्र नुसती मुख्य गोष्ट धरली तरी पन्नास तासांच्या घरात जातो. नोकरी, घर, मुलांचा अभ्यास सांभाळून आठवड्याला तीन-चार तास मिळत असतील, तर पन्नास तासांचा गेम म्हणजे तीन-चार महिने. पहिला गेम लहान निवडा. एक शेवटपर्यंत गेला की पुढच्याला हुरूप येतो.

इथे एक सापळा आहे: एकाच नावाचे दोन-दोन गेम. ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ म्हणून आपल्या मनात जो आहे तो २००५ चा. आज दुकानात त्याच नावाने जो विकला जातो तो २०१२ चा, आणि तो वेगळाच गेम आहे. गाड्यांच्या कंपन्यांशी झालेले परवान्यांचे करार संपले की रेसिंगचे जुने गेम विक्रीतून जातात, म्हणून या जातीत ही फसगत जास्त होते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तर १९८९ चा, २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’, २००८ चा आणि २०२४ चा ‘लॉस्ट क्राउन’, असे निरनिराळे आहेत. पैसे भरण्याआधी साल आणि चित्रं दोन्ही ताडून बघा.

२. मशीनची कुवत तपासा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये गेलात की प्रोसेसर, मेमरी आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स यांची नावं दिसतात. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. विकत घेताना गेमच्या पानावर खाली किमान गरज लिहिलेली असते, तिच्याशी हे जुळवा. ‘मिनिमम’ म्हणजे कसाबसा चालेल, ‘रेकमेंडेड’ म्हणजे नीट चालेल.

ढोबळ हिशेब असा ठेवा. साधारण २००५ पर्यंतचे गेम ऑफिसच्या कामासाठी घेतलेल्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही बहुतेक चालतात: ‘आयजीआय’ (२०००), ‘हाफ-लाइफ’ (१९९८), ‘कमांडोज’ (१९९८), ‘मॅक्स पेन’ (२००१). ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची मात्र २०१९ ची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ ही नव्याने केलेली आवृत्ती आहे, तिला १९९९ च्या मूळ गेमपेक्षा बरंच दमदार मशीन लागतं. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’सारख्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, आणि डिस्कवर १५० जीबी जागा.

जुना डेस्कटॉप अजून विंडोज ७ वर असेल, तर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान त्यावर चालणार नाही. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला. अशा मशीनसाठी जीओजी बघा. त्याबद्दल पुढे.

मशीन घ्यायचंच ठरलं आणि मन प्लेस्टेशनकडे ओढत असेल, तर एवढं लक्षात ठेवा: ‘पीएस ५’च्या ‘डिजिटल’ मॉडेलमध्ये आणि ‘एक्सबॉक्स सिरीज एस’मध्ये डिस्क घालायची सोय नसते. मित्राकडून डिस्क आणून खेळायचा बेत असेल तर डिस्क ड्राइव्ह असलेलंच मॉडेल मागा. वापरलेलं घेताना विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवून बघा. डिस्क वाचते का, पंख्याचा आवाज किती आहे, आणि कंट्रोलरची काडी न हलवताच पडद्यावरचा माणूस आपोआप सरकतो का, ते तपासा. सरकत असेल तर कंट्रोलर गेलेला आहे, तेवढे पैसे कमी करून घ्या.

३. गेम कुठून घ्यायचा

एका सीडीवर पन्नास गेम ही आपल्याकडची जुनी सवय. ती आता सोडायची वेळ झाली आहे, आणि त्यामागे कायद्याइतकंच मशीनच्या सुरक्षिततेचंही कारण आहे. फुकटच्या फोडलेल्या गेममधून पासवर्ड चोरणारे आणि तुमच्या मशीनवर दुसऱ्याचं काम चालवणारे प्रोग्राम आत येतात. ज्या लॅपटॉपवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्यावर हे नको. शिवाय जुने गेम आता इतके स्वस्त मिळतात की त्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

मुख्य दुकानं तीन.

*स्टीम* (२००३ पासून) सगळ्यात मोठं. किंमत रुपयांत, पैसे यूपीआयने. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून गेम घेतला की त्याच आठवड्यात चालू करून बघा. सेलमध्ये घेऊन सहा महिने तसाच ठेवला की ती सोय गेली.

*जीओजी* (२००८ पासून) जुन्या गेमसाठी माझं सगळ्यात आवडतं दुकान. इथले गेम आजच्या विंडोजवर चालावेत म्हणून तयार करून दिलेले असतात, त्यांना नक्कल रोखणारं कुलूप नसतं, आणि इन्स्टॉलरची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते. पुढे नेट नसलं तरी चालतं. पैसे परत मागायला ३० दिवस मिळतात. किंमत डॉलरमध्ये दिसली तर परदेशी व्यवहार सुरू असलेलं कार्ड लागेल. बँकेच्या ॲपमध्ये तो पर्याय चालू करा आणि काम झालं की बंद करा.

*एपिक गेम्स स्टोअर* (२०१८ पासून) दर आठवड्याला एखादा गेम कायमचा फुकट देतं. त्या आठवड्यात ‘घेतलं’ म्हणून नोंदवलं की तो तुमच्या खात्यात राहतो. पण फुकट आहेत म्हणून गोळा करत बसू नका. यादी वाढली की पुन्हा एकही गेम होत नाही.

घाई नसेल तर सेलची वाट बघा. स्टीमचे दोन मोठे सेल जूनच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे पावसाने जोर धरलेला असतो तेव्हा, आणि डिसेंबरच्या अखेरीस येतात. तेव्हा जुने गेम दोनशे रुपयांच्या आतही मिळतात. गेम ‘विशलिस्ट’मध्ये टाकून ठेवला की किंमत उतरल्यावर ईमेल येतो.

आणि कपाटात जुनी खरी सीडी सांभाळून ठेवली असेल तर? दुर्दैवाने तीही बऱ्याचदा चालत नाही. त्या काळात नक्कल रोखण्यासाठी सीडीवर ‘सेफडिस्क’ नावाचं कुलूप घालायचे, आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने त्याला परवानगी दिलेली नाही. सीडी आठवण म्हणून ठेवा आणि गेम जीओजीवर शोधा.

काही गेम तर अगदी कायदेशीररीत्या फुकट आहेत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) हा कोडी सोडवायचा सुंदर गेम बनवणाऱ्यांनीच खुला केला, आणि तो स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रामवर चालतो. पैसे न घालता आपल्याला हे जमतंय का, ते बघायला ही चांगली सुरुवात आहे.

४. खातं उघडताना आणि पैसे भरताना

खातं स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर उघडा, भाच्याच्या नको. उद्या तो पासवर्ड विसरला की तुमचे सगळे गेम अडकतात. देश भारतच ठेवा. स्वस्त पडतं म्हणून दुसरा देश दाखवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, खातं बंद होऊ शकतं. मोबाईलवर ‘स्टीम गार्ड’ चालू करा, म्हणजे नव्या मशीनवरून कुणी शिरायला बघितलं तर तुमच्याकडे कोड मागितला जातो.

अनोळखी माणूस मैत्री करून “आमच्या टीमला मत द्या”, “हे फुकट बक्षीस घ्या” म्हणत लिंक पाठवतो, तो खातं चोरायला आलेला असतो. आणि यूपीआयचं कायमचं सूत्र इथेही तेच: पैसे यायचे असतील तर पिन घालावा लागत नाही.

५. डाउनलोड: नेट, लाईट आणि पाऊस

शहरात फायबर असेल तर हा भाग सोडून पुढे जा. जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडे राहणाऱ्यांसाठी मात्र यातच सगळी मेख आहे.

मोबाईलच्या नेटवर दिवसाला दीड जीबी मिळत असेल, तर १५० जीबीचा गेम उतरायला शंभर दिवस लागतील. तो नाद सोडा. पण २००० च्या आसपासचे गेम एक-दोन सीडींवर मावायचे, आणि एक सीडी म्हणजे ७०० एमबी. असा गेम एक-दोन रात्रींत येतो. म्हणून गावाकडे जुनेच गेम घ्यावेत असं मी सांगते.

मोठा गेम हवाच असेल तर गणपतीला पुण्या-बेंगळुरूहून घरी येणाऱ्या भावाची मदत घ्या. स्टीममध्ये उतरवलेल्या गेमची बॅकअप प्रत हार्ड डिस्कवर काढता येते. त्याने तिकडे उतरवायचा, डिस्कवर घालून आणायचा, आणि तुमच्या खात्यावर तो गेम विकत घेतलेला असला की इथे फक्त वरचे बदल उतरतात. दोन लॅपटॉप एकाच वायफायवर असतील तर स्टीम एका मशीनवरून दुसऱ्यावर गेम थेट पाठवतं, त्याला इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही.

स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोडच्या पानावर आपोआप अपडेट रात्रीच्या ठरावीक वेळेत होतील असं बसवा. नाहीतर सकाळी मुलांच्या क्लासच्या वेळी कळतं की आजचा डेटा संपला.

लाईटचं सांगायचं तर, डेस्कटॉपला यूपीएस हवाच. तो तासभर चालावा अशी अपेक्षा नको, गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की पुरे. मेच्या वळवात आणि जूनच्या सुरुवातीला आभाळ गडगडायला लागलं की प्लग भिंतीतून काढा, आणि राऊटरचाही काढा. विजेचा झटका तिकडूनही येतो. लॅपटॉप खेळताना चार्जरला लावलेला असावा. बॅटरीवर तो स्वतःची ताकद कमी करतो आणि गेम अडखळतो.

बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी हिशेब: तीनशे वॅट ओढणारा डेस्कटॉप रोज दोन तास चालला तर महिन्याला १८ युनिट, शंभर वॅटचा लॅपटॉप असेल तर ६. हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, बिलावर गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचा लाभ घेत असाल, तर तुमची सवलत २०० युनिटपर्यंत सरसकट नसते. आधीच्या वापराच्या सरासरीपेक्षा थोडीशीच जास्त एवढी तुमची मर्यादा, आणि महिन्याचा वापर २०० च्या वर गेला की सगळंच बिल भरावं लागतं. काठावर असाल तर लॅपटॉपवर खेळा.

६. गेम उतरला पण चालत नाही

इथे बहुतेक जण हार मानतात, आणि बहुतेक वेळा उपाय पाच मिनिटांचा असतो. या क्रमाने बघा.

आधी गेमच्या फाइलवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ उघडा आणि विंडोज एक्सपी निवडून बघा. नाही झालं तर विंडोजच्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या यादीत ‘लेगसी कंपोनंट्स’खाली ‘डायरेक्टप्ले’ असतं, ते चालू करा. २००० च्या आसपासच्या कितीतरी गेमना ते लागतं.

गेम चालतोय पण माणसं भलत्याच वेगाने पळतात? त्या काळचे काही गेम मशीनच्या वेगालाच बांधलेले असायचे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घाला. ‘डॉसबॉक्स’ या डॉसच्या काळातले गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवरचा आणखी जुना गेम असेल तर कंट्रोल आणि एफ-११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ-१२ ने वाढतो. माऊस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ-१०, पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट आणि एंटर. हे चार एका चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवा.

चेहरे आडवे पसरट दिसतात ते जुन्या चौकोनी मॉनिटरचं चित्र रुंद पडद्यावर ताणल्यामुळे. गेमच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये ‘आस्पेक्ट रेशो’ कायम ठेवायचा पर्याय निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. त्या काळी तो गेम तसाच दिसायचा.

एवढं करूनही अडलात तर ‘पीसीगेमिंगविकी’वर तुमच्या गेमचं पान काढा. तिथे प्रत्येक ज्ञात बिघाड आणि त्याचा उपाय मांडलेला असतो. उपाय म्हणून कुठल्या फाइली घ्यायच्या असतील तर तिथल्याच दुव्यांवरून घ्या, शोधून भलतीकडून नको.

७. इंग्रजीची धास्ती

मराठी माध्यमात शिकलेल्या कित्येकांनी “आपल्याला काय कळणार” म्हणून गेम सोडून दिले. माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे, या कारणासाठी सोडू नका. सबटायटल चालू करा, अक्षरं मोठी करा, आणि संवाद बटण दाबल्यावरच पुढे जाईल असा पर्याय असेल तर तो घ्या. नवव्या-दहाव्या संवादापर्यंत तुम्हाला त्या माणसांची बोलायची पद्धत कळलेली असते.

सुरुवातीला खेळायला शब्दच नसलेले गेमही आहेत, आणि ते कमी दर्जाचे नाहीत. ‘लिंबो’ (२०१०), ‘इनसाइड’ (२०१६), ‘जर्नी’ यांत कुणी एक अक्षर बोलत नाही आणि गोष्ट पुरती पोहोचते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ने केलेला ‘राजी’ (२०२०) आपल्याच पुराणांतल्या जगात घडतो. दुर्गा, विष्णू, राक्षस हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. याउलट ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) दहा लाखांहून जास्त शब्दांचा आहे. तो अप्रतिम आहे, पण पहिला म्हणून घेऊ नका.

माझ्याकडे एक रीत चालते: दोघांनी मिळून खेळायचं. भाचा वाचून सांगतो, मी चालवते. त्याचं इंग्रजी सुधारतं, माझा गेम पुढे जातो.

८. पहिल्यांदा बसताना

‘आयजीआय’चंच घेऊ, कारण आपल्याकडे तो बहुतेकांच्या यादीत असतो. गेममध्ये १४ मोहिमा आहेत आणि मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. शेवटच्या दारापाशी गोळी लागली तरी पहिल्यापासून. कॅफेत तासाचे पैसे मोजून हे परवडायचं नाही, म्हणून कुणाचाच गेम पुरा होत नसे. घरी मात्र हाच गेम वेगळा वाटतो. तळाबाहेर पडून राहायचं, दुर्बिणीतून मनोऱ्यावरचा पहारेकरी कुठे वळतो ते बघायचं, उपग्रहाच्या नकाशात कुंपण आणि बराकी बघून घ्यायच्या, कॅमेरा फिरला की पुढे सरकायचं. भोंगा वाजला की शिपाई धावत येतात, म्हणून आधी भोंग्याची जागा शोधायची. तीनदा मेलात तरी चौथ्यांदा तळाचा नकाशा तुमच्या डोक्यात असतो. घाई करणाऱ्याला हा गेम कधीच हाती लागत नाही.

‘कमांडोज’ही तसाच. शत्रूच्या नजरेचा हिरवा पंखा पडद्यावर उघडून बघता येतो: जवळच्या फिक्या भागात तुम्ही दिसताच, लांबच्या गडद भागात सरपटत गेलात तर दिसत नाही. एवढं कळलं की अर्धा गेम कळला. यात सेव्ह करता येतं, दर मिनिटाला करा.

‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या नव्या आवृत्तीत ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे धडे आहेत. ते न टाळता करा. ते टाळून थेट ऑनलाइन गेलात तर पंधरा मिनिटांत गाव जळालेलं असतं.

सगळ्यांसाठी तीन गोष्टी. अवघडपणा ‘ईझी’ ठेवा. गोष्ट बघायला आलो आहोत, परीक्षेला नाही. ‘हाफ-लाइफ’, ‘पोर्टल’सारख्या, सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये चाळिशीतल्या नवख्यांना हमखास गरगरतं; सेटिंगमध्ये ‘मोशन ब्लर’ बंद करा, ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ वाढवा, खोलीतला दिवा चालू ठेवा आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांवर थांबा. आणि उठताना वहीत एक ओळ लिहा: कुठे होतो, पुढे काय करायचं. आठ दिवसांनी बसलात की या ओळीवाचून काहीच आठवत नाही.

९. सोबत हवी असेल तर

यादीत ज्या नावापुढे “मित्रांबरोबर” असं लिहिलं, ते एकट्याने विकत घेऊन भागत नाही. मित्र आता बेंगळुरूला, गोव्याला, दुबईला आहेत. स्टीममध्ये ‘रिमोट प्ले टुगेदर’ आहे: एकाच पडद्यावर दोघांनी खेळायचा गेम एकाकडे असला की लांबचा मित्र तो विकत न घेता तुमच्याबरोबर खेळू शकतो. ‘इट टेक्स टू’ (२०२१) हा दोघांशिवाय खेळताच येत नाही, आणि त्याच्या ‘फ्रेंड्स पास’मुळे दोघांत मिळून एकच प्रत पुरते. आधी फोन करून वार आणि वेळ पक्की करा. शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर, असं ठरलं तरच होतं.

१०. घरात मुलं असतील तर

आपल्या आठवणीतले गेम मुलांसमोर चालवण्याजोगे असतीलच असं नाही. ‘व्हाइस सिटी’ आपण दहावीत असताना बघितला असेल, पण तो मोठ्यांसाठीचाच आहे. पॅकवर किंवा दुकानाच्या पानावर पेगीचा, म्हणजे किमान वय सांगणारा, ३, ७, १२, १६ किंवा १८ हा आकडा असतो, तो बघा. कार्ड खात्याला जोडून ठेवू नका.

११. अडलात तर, आणि सोडायचा कधी

एकाच जागी अर्धा तास अडकलात तर गेमचं नाव आणि त्या जागेचं नाव घालून ‘वॉकथ्रू’ शोधा. त्यात कमीपणा नाही. मात्र व्हिडिओऐवजी लिहिलेला घ्या. व्हिडिओत पुढची गोष्टही दिसून जाते.

तीन बैठकी झाल्या आणि तरी ओढ लागली नाही, तर गेम काढून टाका आणि यादीत त्याच्यावर फुली मारा. ज्याला काढून टाकायचं त्याच्या सेव्ह फाइली आधी पेन ड्राइव्हवर घ्या. बऱ्याच जुन्या गेमच्या त्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये किंवा गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. गेमचं फोल्डर पुसलं की त्यातल्या सेव्ह फाइलीही जातात, आणि दिवाळीत पुन्हा खेळावंसं वाटलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं.